काळ्या डोंगराचा रायको

काही माणसांचे किस्से सांगायचे म्हणून कुणी जपून ठेवत नाही, ते आपोआपच साठत जातात. मस्कतमधल्या आमच्या रुवीच्या ऑफिसातला रायको त्यातला. साडेसहा फूट उंच, पंपांचा इंजिनियर, देश मॉन्टेनिग्रो. तो चहाला उठला की माझं एस्टिमेट बाजूला पडलंच म्हणून समजा!

पहिल्याच दिवशी, सरकारी कागदपत्रं बघणारा आमचा ओमानी पीआरओ सालिम त्याचा फॉर्म भरत होता. यादीत देश काही सापडेना. सालिम म्हणाला, "सर्बिया टाकू? शेजारीच आहे ना. खलास!"

रायको खुर्चीतून उठला. पूर्ण उठायला त्याला जरा वेळच लागतो.

"हबीबी, मग तुझ्या फॉर्मवर येमेन टाकू? तोही शेजारीच आहे!"

सालिमने यादी पुन्हा वरपासून बघायला घेतली. या वेळी देश सापडला.

*

कुडाळचे आमचे सावंत स्टोअर बघतात. त्यांनी एकदा देशाच्या नावाचा अर्थ विचारला.

"काळा डोंगर," रायको म्हणाला. "तुर्कांनी शेकडो वर्षं प्रयत्न केले, पण आमचा डोंगर काही त्यांना पुरता पचला नाही."

सावंतांची छाती फुगली. "डोंगर आणि गडांचं आम्हाला नको सांगूस बाबा!"

सालिमचं गावही डोंगरातलंच. तो म्हणाला, "डोंगरातली माणसं कुणाचं ऐकत नाहीत."

रायको म्हणाला, "एकमेकांचंसुद्धा!"

*

"माझे वडील चार देशांत राहिलेत," असं तो एकदा सहज बोलून गेला. नवऱ्याच्या बदल्यांपायी मी तीन शहरं फिरलेली, त्यामुळे मला कणवच आली.

"बदलीची नोकरी होती का रे?"

"छे! घर तेच, खुर्चीही तीच. बाहेरचा देशाच्या नावाचा बोर्ड तेवढा बदलायचा. शेवटचा बोर्ड मात्र, सर्बियापासून वेगळं व्हायचा, आम्ही मतदान करून लावला. अगदी काठावर पास झालो, पण झालो!"

*

त्याच्या सीव्हीत पाच भाषा होत्या. मॉन्टेनिग्रिन, सर्बियन, क्रोएशियन, बॉस्नियन आणि इंग्लिश. साहेब एकदम खूश! मग लंचला मी त्याला हळूच विचारलं, "पहिल्या चारांत फरक किती?"

"नकाशावर खूप. भांडताना अजिबात नाही."

"मग मॉन्टेनिग्रिन वेगळी का लिहिलीस?"

तो हसला नाही. "आई माझ्याशी जे बोलायची, त्याला नाव दुसऱ्याने का द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी सावंतांनी स्वतःचा सीव्ही नव्याने काढला. मराठी, मालवणी, कोकणी, हिंदी, इंग्लिश. "मालवणीला वेगळी ओळ हवीच!" म्हणाले.

*

मागच्या थंडीत त्याचा सख्खा मोठा भाऊ, पेटार, मस्कतला आला. मी दोघांना बौशरला आमच्या घरी जेवायला बोलावलं. आमच्या प्रोजेक्टवरचा सप्लायर गोरानही होता. तो बेलग्रेडचा सर्ब, दिलखुलास माणूस, पण तोंडाला लगाम नाही.

माझ्या मुलीने पेटारला विचारलं, "अंकल, यू आर ऑल्सो मॉन्टेनिग्रिन?"

"नो. सर्ब."

मुलगी गोंधळली. मीही गोंधळले. एका आईची दोन मुलं! रायको ताटात बघत म्हणाला, "मागच्या जनगणनेत आमच्या घरातून दोन उत्तरं गेली. त्यानंतर आम्ही वर्षभर बोलत नव्हतो."

पेटार तावातावाने सांगू लागला. आमचं चर्च एक, लिपी एक, आजोबा एक, हा मात्र स्वतःला वेगळा म्हणवतो! रायको म्हणाला, "मी कोण ते मी ठरवणार." आवाज चढले. मी घाईघाईने पुरणपोळी वाढायला घेतली.

गोरानला वाटलं, आपला माणूस जिंकतोय. तो हसत म्हणाला, "सोड रे पेटार! मॉन्टेनिग्रिन असं काही नसतंच. हा तुझा भाऊ उगाच एका काल्पनिक देशात राहतो."

पेटारने हातातली पोळी खाली ठेवली. तो उठला. रायकोपेक्षाही दोन इंच उंच निघाला!

"गोरान," तो शांतपणे म्हणाला, "माझा भाऊ मॉन्टेनिग्रिन नाही, असं फक्त मी म्हणू शकतो. तू म्हणालास तर तो आहे!"