माझी कातडी, पंधरा दिवसांची

"हे निळं काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"शाई," मी म्हणालो. "मीच ओतली."

माझी धाकटी बहीण सुमन स्टोव्हच्या भडक्यात भाजली होती. आमच्याकडे भाजल्यावर शाई लावायचे. कन्हानच्या आमच्या गल्लीत शाईची बाटली एकट्या आमच्या घरी होती, कारण पदवी घेतलेला मी एकटाच. नागपूरच्या दवाखान्यात शाई धुतल्याशिवाय भाजणं किती खोल आहे ते कळेना. ती धुताना सुमन ओरडत होती. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो.

"डीप बर्न्स", म्हणजे कातडीचे सगळे थर जळालेले. छाती, पोट, दोन्ही हात. आठवड्यात जखमांत पू झाला.

आईने विचारलं, "वाचन का जी माही पोर?"

"जखम उघडी राहिली तर नाही," डॉक्टर म्हणाले.

सुमनचीच कातडी काढावी इतकी ताकद तिच्यात नव्हती. म्हणून "होमोग्राफ्ट" ठरलं, म्हणजे दुसऱ्याची कातडी तात्पुरती लावायची. माझ्या मांडीवरून पातळ पापुद्रे काढले. ते चिकटले. ताप उतरला, सुमन भात मागू लागली. भावाची कातडी बहिणीला लागली, असं आईने वॉर्डभर सांगितलं.

पंधराव्या दिवशी ती काळी पडून सुटू लागली.

"काहून टिकली नाही गा तुही?" आई म्हणाली. 'तात्पुरती' हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी तिला समजावलं, "ती परांची होती, आई. भिंत उभी राहीपर्यंतची."

खालचं मांस लाल, स्वच्छ झालं होतं. त्यावर सुमनच्याच पायाची कातडी टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यांनी लावली. तीन महिने गेले. उजवं कोपर सरळ झालं नाही. शेजारच्या खाटेवरची बाई गेली. तिला कातडी द्यायला कोणी आलं नव्हतं.

त्या डॉक्टरांचे उपकार फिटणारे नाहीत. हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो: भाजलं तर थंड पाणी, स्वच्छ कापड, आणि लगेच दवाखाना.

गेल्या महिन्यात शेजारीण भाजलेल्या पोराला घेऊन शाई मागायला आली. मी उठायच्या आत सुमनने वाकड्या हाताने रांजणातून पाणी काढलं.

"शाईवाला थो बसला हाये, त्याले इचार," ती म्हणाली, आणि पोराच्या हातावर पाणी ओतत राहिली.