मी माझा मीच पडलो

चीनमधल्या झंगचौ शहरातल्या बंद सूतगिरणीच्या वसाहतीत ल्वो काकू म्हाताऱ्यांना पडायचं शिकवायची. म्हणजे पडल्यावर काय ओरडायचं ते. नुसतं 'च्यू मिंग', जीव वाचवा, म्हटलं की आमच्याकडे कोणी हात लावत नाही. उचलायला गेलेल्यावरच 'यानंच ढकललं' म्हणून दावा ठोकल्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्यात. म्हणून काकूचा धडा असा: "मी माझा मीच पडलो! तुमच्यावर काही येणार नाही! रुग्णवाहिकेला, एक-दोन-शून्यला फोन लावा!"

"पडता पडता एवढं लांबलचक?" कोणीतरी विचारायचं.

"मग अर्धं पडायच्या आधी म्हण!"

तिचे यजमान, थोंग काका, खो खो हसायचे. "हात द्या म्हणायच्या आधी कबुलीजबाब! उद्या सही-शिक्का पण मागतील."

"म्हाताऱ्या, तू आधी पाठ कर."

काका म्हणायचे, आणि सगळ्यांत खणखणीत. गिरणीतल्या यंत्रांवर मात करायला कमावलेला गळा तो.

मला या धड्याची चीड यायची. मी कामगारांच्या तक्रारी लढवते, कायदा माझी मी वाचून शिकलेय. मदत करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येत नाही, असं कायद्यात साफ लिहिलंय. मी ते तावातावाने सांगायची. काकू म्हणायची, "पोरी, कायदा तुझ्या पिशवीत आहे. भाजीबाजारात नाही."

त्या सकाळी भाजीबाजारातच काका कोसळले. अर्धांगाचा झटका. जीभच लुळी पडली. लोकांनी रुग्णवाहिका बोलावली, भोवती भाजीचे क्रेट लावून स्कूटर अडवल्या, एका बाईने उन्हाला छत्री धरली. अंगाला मात्र कोणी शिवलं नाही. सगळ्यांचे मोबाइल रोखलेले. आपण लांब होतो याचा पुरावा हवा ना!

"आजोबा, स्वतःच पडलात ना? एकदा तोंडाने म्हणा!"

काका उताणे होते आणि त्यांना उलटी होत होती.

काकूला कोणीतरी कळवलं. ती लांबूनच ओरडत धावली, "तो स्वतःच पडला! मी त्याची बायको आहे, मी सांगते!" तसे झटकन दहा हात पुढे आले. त्यांनी काकांना कुशीवर केलं. श्वास तोवर थांबला होता.

"आधीच कुशीवर वळवलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले.

अंत्यविधी उरकून काकूच्या घरी आलो, तेव्हा मी पेटले होते. "काकू, नावं सांग. एकेकाला कोर्टात खेचते." कुठल्या कलमाखाली, ते मलाही ठाऊक नव्हतं.

"कोणाला खेचू नकोस. मला एवढंच कळायला हवंय, शेवटी तो कोणाकडे बघत होता."

भेटायला आलेला भाजीबाजारातला टोफूवाला दारातच थबकला होता. त्याने मान खाली घातली.

"माझ्याकडे, काकू."

मी त्याची गचांडी धरायला उठले. काकूने मला मागे ओढलं आणि त्याच्यापुढे स्टूल सरकवलं.

"बस," ती म्हणाली. "सांग मला. सगळं सांग."