उजव्या दंडावरची झोप

पिरंगुटच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ते आजोबा मला आठवडाभर रोज दिसले. टेबलावर कोपर रोवून दिवसभर लॅपटॉप चालवल्याने माझी करंगळी बधिर झाली होती. ती कायमची गेली की काय, या धास्तीने मी तिला सारखा चिमटा काढून बघत असे. आजोबांचा तर अख्खा उजवा पंजा मनगटातून लोंबत होता. बाळाची मान सावरावी तसा ते तो डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवत.

"लकवा का?" मी भीत भीत विचारलं.

"न्हाई वो. नात तापली व्हती. दुपारभर ह्या दंडावर डोकं ठिवून झोपली. डागदर म्हनला, दंडाच्या हाडाला येढा घालून शीर जाती, ती दबली." मग आवाज उतरवून म्हणाले, "घरी सांगितलंय, खाटंवरनं पडलो. नातीला कळाया नको."

"मुंग्या आल्या तेव्हाच हात काढायचा ना!"

"तिचा नुकता डोळा लागला व्हता."

भातलावणी तोंडावर आली होती आणि त्यांची बोटं उघडत नव्हती. "बरा व्हईल म्हनत्यात," ते म्हणत, "पन कवा?"

शनिवारी नात सोबत आली आणि बाकावर बसल्या बसल्या पेंगू लागली. आजोबा उठले, तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि त्यांनी डावा दंड पुढे केला.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझी करंगळी मी विसरलो. त्यांच्या डाव्या बोटांकडे बघत राहिलो, हलतायत ना म्हणून.