हिरवा दिवा

रेडिओने आयुष्यात चार वेळा सडकून मार खाल्ला, आणि चारही वेळा त्याने शोधलेला बिघाड शंभर टक्के बरोबर होता. चुकायचा तो फक्त माणूस, ज्याला तो बिघाड सांगायचा.

रेडिओ म्हणजे आमच्या गल्लीतला दुरुस्तीवाला. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आणि आता लोकांच्या घरातलं इंटरनेट. खरं नाव बहुतेक त्याच्या बायकोलाही आठवत नसावं. ती म्हणायची, "ह्यांना बटण बसवायचं राहूनच गेलंय. चालू झाले की झाले."

पहिला मार वडिलांचा, वय वर्षं नऊ. घरातलं घड्याळ रोज अर्धा तास मागे पडायचं. घड्याळात काही दोष नाही, उशिरा घरी येणारे बाबाच काटा मागे फिरवतात, हे त्याने शोधून काढलं आणि आईला जेवताना, बाबांच्या देखत सांगितलं. पट्ट्याचं बक्कल कानावर बसलं, तो डावा कान तेव्हापासून अर्ध्याच बातम्या ऐकतो. दुसरा मार उस्तादाचा, ज्याच्याकडे तो दुरुस्ती शिकत होता. नवा म्हणून विकलेला स्पीकर जुनाच पुसून दिलाय, हे गिऱ्हाइकाला सांगितल्याबद्दल त्याने तारांना डाग द्यायचं तापलेलं हत्यार याच्या मनगटावर टेकवलं आणि शांतपणे दहापर्यंत मोजलं. तिसऱ्या वेळी एका भाडेकरूचं विजेचं मीटर का पळतं ते त्याने भर जिन्यात समजावलं. घरमालकाची तार त्याच मीटरवर होती. मालकाच्या दोन पुतण्यांनी त्याला जिन्यावरून खाली सोडलं, पायऱ्या मोजायचीही उसंत न देता. गुडघा अजून कुरकुरतो.

एवढं होऊनही खोड गेली नाही. बिघाड सापडला की त्याच्या पोटात तो राहत नसे. माणसाला उचकी लागते तसं त्याचं व्हायचं.

चौथ्या माराची गोष्ट एका वेल्डरच्या घरातली. घर जुनं, दगडी, भिंती दोन-दोन फुटांच्या. खाली रस्त्याकडे वेल्डरचं दुकान. वर त्याची धाकटी बहीण आणि तो, दोघंच राहायचे. आईवडील गेलेले. वेल्डर म्हणजे पंचेचाळिशीचा, दाराच्या चौकटीएवढा माणूस. राग आला की आधी हात चालायचा आणि मग कारण सुचायचं. मागच्या वर्षी धाकटीचा फोन त्याने ऐरणीवर ठेवून हातोड्याने चपटा केला होता. कारण दुसऱ्या दिवशी सुचलं.

धाकटीला रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी हवी होती. परीक्षा घरूनच, लॅपटॉपवर, कॅमेऱ्यासमोर. पास झाली तर दुसऱ्या गावी नेमणूक आणि राहायला खोली. वेल्डरला ते मान्य नव्हतं. "तू गेलीस तर माझ्या भाकऱ्या कोण थापणार, तो कॅमेरा?" पण मामा मध्ये पडले. त्यांच्यासमोर त्याने शब्द दिला, की मी हिच्या परीक्षेला हात लावणार नाही. शब्दाचा तो पक्का होता. हात सोडून बाकी सगळं मोकळं होतं.

पहिल्या वेळी पेपर चाळिसाव्या मिनिटाला बंद पडला. नियम असा, की लाइन एकूण पाच मिनिटांहून जास्त तुटली की पेपर आपोआप मिटतो. संधी दोनच. दुसरी उद्या अकराला होती, म्हणून तिने रेडिओला बोलावलं.

"काका, दुपारी तीन ते पाच झकास चालतं. बाकी वेळी मेल्यासारखं."

इंटरनेटचा मुख्य डबा खाली दुकानात होता. दगडी भिंतींतून त्याचा सिग्नल वर येत नसे, आणि वेगळी वायर ओढायला वेल्डरने भिंतीला भोक पाडू दिलं नव्हतं. म्हणून धाकटीने दोन ॲडॉप्टर आणले होते. एक खाली, एक वर, दोन्ही प्लगमध्ये खोचलेले. घरातल्या विजेच्या तारांतूनच इंटरनेट वर चढायचं. प्रत्येकावर एक दिवा. हिरवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे रडतखडत, लाल म्हणजे राम नाही.

वरचा ॲडॉप्टर पाहून रेडिओने कपाळाला हात लावला. तो एक्स्टेन्शन बोर्डात खोचला होता, शेजारी फोनचा चार्जर, इस्त्री आणि टेबलफॅन.

"अगं, ही काय धर्मशाळा आहे? याला सरळ भिंतीतलं भोक लागतं. एकट्याचं."

भिंतीत खोचल्यावर दिवा पिवळ्याचा हिरवा झाला. वेग तिपटीने वाढला. दुसरा कोणी असता तर तिथेच पैसे घेऊन गेला असता. पण रेडिओची एक पद्धत होती: घरातलं सगळं बंद करायचं आणि मग एकेक चालू करत दिव्याकडे बघत बसायचं. फ्रिज लावला, हिरवा. मिक्सर फिरवला, क्षणभर पिवळा, पुन्हा हिरवा. पाण्याची मोटर, हिरवा. दोघं जमिनीवर मांडी घालून त्या दिव्याकडे टक लावून बसले होते. पाच वाजले. खाली वेल्डर झोप काढून उठला, शटर वर गेलं, आणि चर्रर्र करून पहिली ठिणगी पडली.

दिवा लाल.

चर्रर्र थांबलं. हिरवा. चर्रर्र. लाल.

धाकटी उठली. ती दाराकडे गेली, जिन्यात डोकावली आणि परत येऊन हळू म्हणाली, "काका, हे खाली सांगू नका. उद्या अकरा ते एक त्याला बाहेरच्या गेटचं काम आहे, तो घरी नाही. फक्त त्याला कळता कामा नये."

"मी? छे छे. माझ्या तोंडून अवाक्षर नाही."

आणि तो खाली उतरला.

"सापडला का बिघाड?" काळी काच वर करून वेल्डरने विचारलं. साधंच विचारलं होतं. रेडिओ "किरकोळ होतं" म्हणाला, चपला घातल्या, दोन पावलं गेला. उचकी लागली. परत फिरला.

"किरकोळ नाही हो, फार मजेदार होतं! कोणाला सापडलं नसतं. तुमच्या ठिणगीचा कचरा विजेच्या तारेत जातो बघा, आणि त्याच तारेतून तिचं इंटरनेट. तुम्ही इकडे ठिणगी पाडली की तिकडे हा दिवा..." त्याने खालच्या ॲडॉप्टरकडे बोट दाखवलं. "पाडा, पाडा बघू एक."

वेल्डरने पाडली. लाल. थांबवली. हिरवा. पुन्हा पाडली. मग त्याच्या चेहऱ्यावर एक हसू पसरलं, लहान मुलाला खेळणं मिळावं तसं.

"म्हणजे हात लावायचीसुद्धा गरज नाही," तो म्हणाला.

रेडिओला गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत कळलं, आपण काय केलं ते. त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जीभ आहे की गळका नळ?" आणि ताट वाढायचं सोडून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तो दुकानात पोचला. हात जोडून विनवायचं ठरवलं होतं. वेल्डर गेटच्या कामाला गेलेला नव्हता. समोर एक गंजका पत्र्याचा तुकडा होता, ज्याला काहीही जोडायचं नव्हतं, आणि तो त्याच्यावर नुसत्या ठिणग्या पाडत होता. दहा सेकंद पाडायचा, थांबायचा, दिव्याकडे बघायचा, हसायचा. घाई नव्हती. मांजर उंदराशी खेळतं तसं.

"दादा, पोरीचा पेपर आहे हो."

"मग? मी हात लावलाय का? मी माझ्या दुकानात माझं काम करतोय."

चर्रर्र. लाल.

रेडिओने मनात हिशेब केला. तीन मिनिटं तरी गेली असणार. विनवणी पुन्हा करायला वेळ नव्हता. मशिनचा प्लग उपटला तर हा परत लावील. आणि तेव्हा रेडिओला एक साधी गोष्ट दिसली: वेल्डरला हात दोनच आहेत. ते दुसरीकडे गुंतले, तर ठिणगी कोण पाडणार?

त्याने तो गंजका तुकडा चिमट्याने उचलला, उजेडात धरला आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हा जोड आहे? कोंबडीसुद्धा याच्यापेक्षा सरळ हगते."

वेल्डरने काच वर केली. "काय म्हणालास?"

"तुमचं मागच्या गल्लीतलं गेट तीनदा निखळलं. लोक तोंडावर बोलत नाहीत, घाबरतात. मी सांगतो. तुमच्या वडिलांचा हात होता, तुमच्याकडे नुसता दंड आला."

पहिला ठोसा तोंडावर बसला. दोन दात तिथेच गेले. रेडिओ मागच्या सळयांच्या ढिगावर पडला आणि ढीग त्याच्यावर. पडल्या पडल्या त्याने मान वळवली. बाकाखालून ॲडॉप्टर दिसत होता. हिरवा.

वेल्डर हात झटकून मशिनकडे वळला. रेडिओ रक्त थुंकला. "बस? एवढंच? बायकांना मारायची सवय आहे, म्हणून माणसावर हात उठत नाही वाटतं."

मग मात्र जे झालं ते बघून समोरचा इस्त्रीवाला गरम इस्त्री शर्टावर तशीच विसरून धावत आला. वेल्डरने रेडिओला कॉलरला धरून उचललं आणि शटरच्या खांबावर आपटलं, एकदा, दोनदा. बरगडीचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू गेला. मग पोटात गुडघा. मग खाली पाडून लाथा, जाड तळव्याच्या बुटाच्या. रेडिओने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं, पण एका हाताची बोटं फाकवून डोळ्यापुढे फट ठेवली होती. फटीतून हिरवा. प्रत्येक लाथेला दिवा हलायचा, पण हिरवाच.

"सोड त्याला, मरेल तो!" इस्त्रीवाला मागून वेल्डरच्या गळ्याला लटकला. कोपर खाऊन गटारात जाऊन बसला. आणखी चौघं आले. एकाचं नाक फुटलं. दुसऱ्याने पाण्याची बादली वेल्डरच्या डोक्यात घातली, आणि मग सगळ्यांनी मिळून त्याला भिंतीशी दाबला. तरी तो पायाने रेडिओला शोधत होता.

"टेम्पो बोलवा, याला दवाखान्यात न्या," कोणी म्हणालं.

रेडिओने डोळे किलकिले करून दुकानातलं घड्याळ पाहिलं. पावणेबारा. आपण गेलो, माणसं पांगली, की वेल्डर पुन्हा मशिनपाशी.

"मी जात नाही," तो म्हणाला. ओठ सुजल्याने शब्द चपटे निघत होते. "आधी माफी. सगळ्यांसमोर."

"अरे, बरगडी बाहेर यायला लागलीय तुझी!"

"येऊ दे. माफी."

त्यावर वेल्डर गरजला, की ह्याने माझ्या वडिलांचं नाव काढलं. एक म्हातारे म्हणाले, मुळात सुरुवात कोणी केली? दुसऱ्याने विचारलं, गेट खरंच निखळलं का? ज्याचं निखळलं होतं तो गर्दीतच निघाला, आणि त्यालाही वर्षभर बोलायचं होतं. वेल्डर सुटून त्याच्यावर धावला, पुन्हा झटापट, पुन्हा बादली. आमच्या गल्लीत भांडण मिटवायला कधी तासाच्या आत जमलेलं नाही, आणि रेडिओचा सगळा भरवसा त्यावरच होता. कोणी जरा शांत झालं, की जमिनीवरून तो एखादं वाक्य सोडायचा, आगीत काडी टाकावी तसं. मधे एकदा शुद्ध हरपली. जाग आली तेव्हा घड्याळात साडेबारा होते आणि कोणीतरी अजून बिजागऱ्यांबद्दल बोलत होतं.

एक वाजून दोन मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली. धाकटी खाली आली. गर्दीने तिला वाट दिली.

"दादा, पेपर झाला. जमा केला."

वेल्डरने धरणाऱ्यांना झटकलं आणि हात उगारला. धाकटीने बाकावरचा वेल्डिंगची खपली उडवायचा टोकदार हातोडा उचलला होता. तो तिने त्याच्या गळ्यापाशी, हनुवटीखाली धरला. टोक कातडीला लागून रक्ताचा थेंब आला.

"तू परीक्षेला हात लावला नाहीस. मलाही लावू नकोस."

तो थेंब गळ्यावरून खाली ओघळला. वेल्डरचा हात वरच राहिला, मग हळूहळू खाली आला.

टेम्पोत ती रेडिओच्या शेजारी बसली. त्याचं डोकं तिच्या मांडीवर, खाली गोणपाट.

"चार मिनिटं दहा सेकंद तुटली," ती म्हणाली. "सगळी पहिल्या पंधरा मिनिटांत. पाच झाली असती तर मी मेले होते. त्याला कोणी सांगितलं?"

रेडिओने डोळे मिटून घेतले. मग उघडले. "मी."

धाकटीने त्याच्या तोंडात भडकावली. पुरी ताकद लावून. फुटलेला ओठ पुन्हा फुटला आणि त्याच्या घशातून कसलासा आवाज निघाला. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. तिने रक्ताने भरलेला हात आपल्या कुर्त्याला पुसला, आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं, बरगड्यांना हिसका बसू नये म्हणून.

"जरा सावकाश घ्या," ती ड्रायव्हरला म्हणाली. "पुढे खड्डा आहे."