पिंपावरचा तीसचा आकडा

मी स्वभावानं संशयीच. लालबागच्या चाळीत एका खोलीत गावच्या चौदा गिरणी कामगारांची खानावळ चालवायची, तर भोळं राहून भागत नाही. तांदूळ पत्र्याच्या पिंपात असे आणि भरला किती, तो आकडा पिंपावर खडूनं लिहिलेला. नुसता आकडा. शेर की आणखी काही, हे कुणी लिहीत नसे, कारण शेराशिवाय आमच्या घरात दुसरं माप नव्हतंच.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. हरताळ कधी होईल याचा नेम नसे, म्हणून मी साठा धरून असे. धाकटा दीर सत्याग्रहात तुरुंगात गेला आणि त्याची बायको माझ्याकडे राहिली. तिला माहेरचं कुणी उरलं नव्हतं, माझ्या खोलीचाच काय तो आधार. वाण्याकडून तांदूळ आणून पिंपात भरायचं काम मी तिच्याकडे दिलं.

त्याच सुमारास किलोची वजनं निघाली. मी हौसेनं ती विकत आणली आणि एकदा तांदूळ भरून जाऊ नळावर गेली, तेव्हा सगळा काढून जोखला. पिंपावर तीस, तराजूत अठ्ठावीस. पुढच्या खेपेलाही तेच. तांदळाला पाय फुटले होते. मी तिच्या पिशवीवर डोळा ठेवू लागले. ती शेजारणीशी दोन शब्द बोलली तरी मला वाटे, इथंच पाणी मुरतंय.

एका दुपारी माणसं जेवायला बसलेली असतानाच मी विचारलं, "दर खेपेक दोन कमी. खंय जातत गो?"

"मी तीस घातलंय, जाऊबाय," ती म्हणाली. "आणि काय सांगू?"

ताटावरून कुणी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी ती बोटीनं गावी गेली, चुलत सासऱ्यांच्या दारात.

मग तांदूळ मीच आणला. भरला, जोखला. अठ्ठावीस. वाण्याला चोर ठरवून मी वजनासकट त्याच्या दुकानात धडकले. त्यानं एका पारड्यात आपला शेर ठेवला, दुसऱ्यात माझा किलो. किलोचं पारडं खाली गेलं.

"मी शेरानं देतो, बाई. तुम्ही किलोनं मोजता," तो म्हणाला.

मला शरम वाटली, आणि स्वतःचाच संताप आला. मी पत्र धाडून तिला बोलावून घेतलं. जेवणाऱ्या माणसांसमोरच चूक कबूल केली. "जावंदे, जाऊबाय," एवढंच ती म्हणाली. पिंपावर मी त्या दिवसापासून आकड्यापुढे शेर की किलो ते लिहू लागले.

पण तिनं एकटीनं ते पिंप पुन्हा कधी उघडलं नाही. मूठभर तांदूळ हवा असला तरी हाक मारी, "जाऊबाय, येवा." मी म्हणे, तूच काढ गो. ती झाकणावर हात ठेवून, मी येईपर्यंत तशीच उभी राही.