निम्म्या लांबीचा थांबा

चालत्या प्रोग्राममधल्या एका सूचनेच्या जागी आपला थांबा, म्हणजे प्रोग्राम तिथेच रोखणारी सूचना, ठेवायचा, आत काय चाललंय ते बघायचं आणि प्रोग्राम पुढे सोडायचा, हे माझं काम. नवनगरच्या ऑफिसात तेच मी नव्या प्रोसेसरवर आणत होतो, पण मशीन दर वेळी बंद पडायचं. बेंगळुरूचे साहेब फोनवर म्हणाले, "जमत नसेल तर इकडच्या टीमला देतो."

"संध्याकाळपर्यंत थांबा, सर. मीच करतो."

या प्रोसेसरच्या काही सूचना निम्म्या लांबीच्या असतात. त्यांच्या जागी माझा पूर्ण लांबीचा थांबा ठेवला की तो शेजारच्या सूचनेवरही बसत होता. अशा छोट्या सूचनांच्या जागी थांबाही निम्म्या लांबीचा ठेवला. मशीन थांबलं, पुढे चाललं. काम माझ्याकडेच राहिलं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांना, अप्पांना, दिवसभराचं काम सांगितलं, तर म्हणाले, "मशीन थांबवायला पगार देतात होय रे?"

"थांबवून परत चालवायला, अप्पा!"