आधी माझ्या नळ्या

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. आम्ही मूळचे लातूरकडचे. नवऱ्याला उरवड्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून कासार आंबोलीत एका शेतकऱ्याच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दर रविवारी लातूरहून सासूबाईंचा फोन यायचा. त्या फक्त "काही आहे का गं?" एवढंच विचारायच्या, आणि मी नाही म्हटलं की एक लांब सुस्कारा सोडायच्या.

शेवटी कोथरूडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दोन तपासण्या सांगितल्या. एक माझी: गर्भाशयाच्या दोन बाजूंच्या नळ्या उघड्या आहेत की बंद, हे सोनोग्राफीवर बघायचं. दुसरी नवऱ्याची: आतल्या खोलीत जायचं, छोट्या बाटलीत नमुना द्यायचा, झालं! "यांची सोपी आहे, आधी हीच करून घ्या," असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. तर हे महाशय जिना उतरता उतरता म्हणतात, "आधी तुझी होऊ दे. मग बघू." हा माणूस कारखान्यात क्वालिटीला होता. दिवसभर दुसऱ्यांनी केलेले पार्ट तपासायचे आणि नाक मुरडून नापास करायचे, हेच त्याचं काम. स्वतःचा नमुना द्यायची वेळ आली तेव्हा मात्र साहेबांना रजा मिळेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी माझीच तारीख घेऊन आले.

खरं सांगू? रागापेक्षा भीती जास्त होती. नळ्या बंद निघाल्या तर लातूरपर्यंत सगळ्यांना उत्तर मिळणार होतं, की दोष हिच्यातच आहे. नवरा कधी तसं बोलला नव्हता, पण त्याच्याही मनात तेच असणार असं मी धरून चालले होते.

पाळी संपल्यावर, पण दहाव्या दिवसाच्या आत यायचं, तोवर नवरा-बायकोने लांब राहायचं, तासभर आधी दुखण्याची गोळी घ्यायची आणि सोबत कुणीतरी आणायचं, अशा सूचना होत्या. नवऱ्याला नेमकं त्याच दिवशी ऑडिट निघालं. मग घरमालकीण मावशी म्हणाल्या, "म्या येते की. तीन सुनांच्या सोनोग्राफ्या केल्यात म्या." जशी काही मशीन यांनीच चालवली होती!

कोथरूडकडे जाणाऱ्या प्रवासी जीपमध्ये बसल्याबरोबर मावशींनी पिशवीतून पाण्याची दोन लिटरची बाटली काढली.

"पी."

"मावशी, डॉक्टरांनी पाण्याचं काही सांगितलं नाही."

"त्यांना वाटतंय लोकांना ठावं असंल. अगं, पोट टम्म फुगल्याबिगर त्या मशिनीत काय बी दिसत न्हाई. पी मुकाट्यानं."

मी प्यायले. पिरंगुटच्या घाटात जीप एकेका खड्ड्यात आपटायला लागली आणि माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. भूगावला मावशी म्हणाल्या, "अजून अर्धी राहिलीया." चांदणी चौक आला तेव्हा मी नळ्यांची काळजी साफ विसरले होते. मला दुसरीच घाई होती.

दवाखान्यात नर्स म्हणाली, "आधी बाथरूमला जाऊन या. या तपासणीला लघवी साठवायची नसते, ही आतून करतात." मी मावशींकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर जमिनीत गेली असती. मावशींनी उलट नर्सलाच झापलं, "मग आदी सांगाया काय झालं व्हतं?"

आतही त्या माझ्या उशाशीच उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी एक बारीक, मऊ नळी गर्भाशयात सरकवली आणि तिच्यातून हळूहळू सलाईनचं पाणी सोडलं. पाळीत कळ येते तशी, पण जरा जोरात, ओटीपोटात कळ आली. मी मावशींचं मनगट धरलं.

"पानी कवा सोडनार?" मावशींनी विचारलं.

"सोडलंय. पडद्यावर ते पांढरे ठिपके पुढे जाताना दिसतायत ना? तेच."

"अगं बया! खाचरात पाट फोडल्यावानी चाललंय की!"

"उजवी उघडी आहे," बाई म्हणाल्या. मग बराच वेळ डावीकडे शोधत राहिल्या. मी छताकडे बघत होते. "डावीपण उघडी आहे." सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली असतील. मी हमसून हमसून रडायला लागले.

"रडतीस कशापायी? उगड्या हायेत म्हनल्या न्हवं?" असं म्हणत मावशींनी माझे डोळे पुसले आणि त्याच पदराने स्वतःचेही.

परतताना जरा डाग पडत होते आणि खांदा ठणकत होता. हे दोन्ही होऊ शकतं, घाबरू नका, असं बाईंनी सांगितलं होतं. एरवी मी ठीक होते. जीपमध्ये सगळ्यांदेखत मावशी म्हणाल्या, "आता त्याचं बघा. दरयेळी बाईलाच काय टेबलावर निजवायचं?"

संध्याकाळी नवरा चहा करून वाट बघत बसला होता. मी वाटेत घोकलेलं वाक्य फेकलं, "आमचा माल पास झाला, साहेब. आता तुमचा नमुना काढा."

तो हसला नाही. "बरं झालं," म्हणाला. मग कपाकडे बघत म्हणाला, "तुझ्या बंद निघाल्या असत्या तर आईला सांगणार होतो, दोष माझ्यात आहे म्हणून. माझा रिपोर्ट आधीच चांगला आला असता, तर असं खोटं बोलता आलं नसतं."

यात निम्मी पळवाट होती, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. त्यालाही भीती वाटत होती. पण उरलेलं निम्मं खरं होतं. पाच वर्षं मी या माणसाविषयी काय काय धरून चालले होते, त्याची मला लाज वाटली.

सोमवारी त्याने रजा टाकली. नर्सने हातात बाटली दिली तेव्हा कान लाल झाले होते बिचाऱ्याचे. खोलीच्या दारातून तो मागे वळला.

"आणि मीच नापास झालो तर?"

"तर आईंना मी सांगेन, दोष माझाच आहे," मी म्हटलं. "माझा रिपोर्ट लातुरात कुणी बघितलाय? जा आत."